एक फुली टाकली की तीन उमटतात: पायथनमधल्या फुली-गोळ्याच्या पटाची दुरुस्ती

दरवर्षी मिनी प्रोजेक्टचे दिवस आले की संध्याकाळी नागपुरात माझ्याकडे पोट्टे यायला लागतात, जयताळा, त्रिमूर्ती नगर, हिंगणा रोड, कोणी कोणी तर पार कामठीहून, लॅपटॉपची बॅग पाठीला लावून. डिप्लोमाचे असतात, इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतात, बऱ्याच जणांनी पायथनमध्ये फुली-गोळा केलेला असतो, साधा, काळ्या खिडकीत चालणारा, चित्रं नाहीत काही नाहीत. आणि तक्रार ठरलेली. "ताई, मी एकच फुली टाकली ना, तर तीन येऊन राहिल्या."

हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता लॅपटॉप उघडायच्या आधीच कोणती ओळ असेल ते माहीत असतं. तरी दरवेळी वाईट वाटतं, कारण पोरानं आठ-आठ दिवस मेहनत केलेली असते, लॉजिक बरोबर असतं, आणि एका ओळीपायी तो "मले कोडिंग जमतच नाही" म्हणून बसतो. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

काय काय दिसतं

- मधल्या खान्यात खूण टाकली तर वरच्या, मधल्या, खालच्या तिन्ही ओळींत मधोमध खूण. म्हणजे अख्खा उभा रकाना भरतो.
- ० दाबलं तर एरर येत नाही, पण नवव्या खान्यात खूण जाऊन बसते.
- काहीच न टाकता नुसतं एंटर दाबलं की गेम बंद पडतो.
- आधी चुकीचा आकडा दाबून मग बरोबर दाबला की ननटाईपवाली (NoneType) एरर, पहिल्यांदाच बरोबर दाबला तर काही होत नाही.
- एकही चाल झाली नाही आणि कोणीतरी जिंकलं.
- गोळा जिंकला तरी स्क्रीनवर "फुली जिंकली".
- नवव्या चालीत जिंकलं तरी "बरोबरी".
- दुसरा डाव सुरू केला तर पहिल्या डावाच्या खुणा तशाच.
- "चाल परत घ्या" दाबलं तरी पट जसाच्या तसा.
- कॉम्प्युटरची पाळी आली की पट एका झटक्यात भरून जातो.

दहा वेगळे आजार वाटतात ना, पण पहिला आणि शेवटचे तीन हे मुळात एकच आहेत. पट एकच असतो आणि आपण समजतो की दोन-तीन आहेत. बाकीचे बारीकसारीक आहेत पण तेही तपासायचे, आणि खाली दिलेल्या क्रमानंच तपासायचे, कारण वरचं फुकट आणि अर्ध्या मिनिटाचं आहे आणि खालचं डोकं खाणारं आहे. पोट्टे नेमकं उलटं करतात, आधी अख्खा कॉम्प्युटर प्लेअर परत लिहून काढतात, मग कळतं की फाईलच सेव्ह नव्हती.

एक गोष्ट आधी सांगते. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, खरंच चालतात, म्हणून खालचा कोड मी तसाच लिहिलाय. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच ठेवावे लागतात, देवनागरी ३ लिहिलात तर सिंटॅक्स एरर. खुणांसाठी मी 'फ' आणि 'ग' घेतलेत, रिकाम्या खान्यासाठी टिंब.

पहिलं, तुम्ही तीच फाईल चालवताय का

हसू नका कोणी. डेस्कटॉपवर गेम, गेम फायनल, गेम फायनल नवीन अशा तीन फाईली असतात, दुरुस्ती एकीत होते आणि चालते दुसरीच. तपासायला सोपं आहे, गेमच्या पहिल्याच ओळीत काहीतरी ओळखू येईल असं छापा, "आज संध्याकाळचा" असं काहीही, आणि ते स्क्रीनवर दिसतं का बघा. दिसलं नाही तर पुढचं सगळं तपासणं वाया जातं, म्हणून हे आधी.

याच्याच जोडीला फाईलचं नावही बघा. फाईलचं नाव इंग्रजीत कॉपी किंवा रँडम असं ठेवलं असेल तर बदला. कारण मग तुम्ही इम्पोर्ट कॉपी लिहिता तेव्हा पायथन स्वतःचं कॉपी मोड्यूल न घेता तुमचीच फाईल उचलतो आणि म्हणतो की यात डीपकॉपी नावाचं काही नाहीच. मागच्या हिवाळ्यात एका पोरीचे दोन दिवस यात गेले होते, कोडमध्ये चूक शून्य, फक्त फाईलचं नाव.

दुसरं, पट कच्चा छापून बघा

पट सुंदर दिसावा म्हणून आपण उभ्या-आडव्या रेघा काढतो, आणि मग चूक रेघांत आहे की पटात आहे ते कळत नाही. म्हणून सजावटीचं फंक्शन बाजूला ठेवा आणि लिस्ट जशी आहे तशी प्रिंट करा, प्रत्येक चालीनंतर. लिस्टमध्ये खूण बरोबर जागी असेल आणि रेघांच्या पटावर चुकीच्या जागी दिसत असेल तर बिघाड फक्त दाखवण्यात आहे, लॉजिकला हात लावू नका.

मराठीत पट काढणाऱ्यांसाठी इथे एक खास अडचण आहे. खूण म्हणून 'फु' ठेवलं तर आपल्याला ते एक अक्षर वाटतं पण पायथन त्याला दोन मोजतो, फ वेगळा आणि उकार वेगळा. 'फुली' आपल्या हिशोबानं दोन अक्षरं, पायथनच्या हिशोबानं चार. त्यामुळे रुंदी ठरवून जागा सोडायला सांगितलं की रकाने वाकडे येतात आणि पोरं तासभर स्पेस टाकत बसतात. बिनमात्रेचं एकच अक्षर घ्या, बरंचसं सरळ होईल. आणि जुन्या काळ्या खिडकीत देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील तर तो फाँटचा प्रश्न आहे, तुमचा कोड ठीक आहे.

इंग्रजी अक्षरं वापरत असाल तर कॅपिटल ओ, स्मॉल ओ आणि शून्य हे तिन्ही एकसारखे दिसतात पण तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एके ठिकाणी कॅपिटल आणि एके ठिकाणी स्मॉल पडला की गोळा कधीच जिंकत नाही.

तिसरं, खेळणारा काय टाईप करतो

इनपुटनं मिळतं ते नेहमी अक्षर म्हणून मिळतं, आकडा म्हणून नाही, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं आणि इंट, म्हणजे त्याचा आकडा करून देणारं फंक्शन, लावून टाकतात. त्यात गंमत अशी की कोणी मराठी कीबोर्डवरून ५ दाबला तरी इंट त्याला बरोबर पाच समजतो, तिथे ते चालतं (खालच्या स्ट्रिंगच्या तपासणीत मात्र मराठी ५ बसणार नाही). अडतं ते दुसरीकडे.

शून्याचं बघा. खाने १ ते ९, लिस्ट मोजते ० ते ८, म्हणून आपण एक वजा करतो. खेळणाऱ्यानं ० दाबलं की होतं वजा एक, आणि पायथनमध्ये वजा एक म्हणजे शेवटचा खाना. एरर नाही, काही नाही, गुपचूप नवव्या खान्यात खूण. ओळ-रकाना काढून खेळत असाल तरी तेच होतं, कारण तिथे हिशोब असा असतो:

ओळ = (न - 1) // 3
रकाना = (न - 1) % 3

न शून्य असेल तर ओळ येते वजा एक आणि रकाना येतो दोन, म्हणजे परत खालचा उजवा कोपरा. १० दाबलं तर निदान एरर येते, शून्यावर तीही येत नाही, म्हणून हा बिघाड व्हायवापर्यंत, म्हणजे तोंडी परीक्षेपर्यंत, लपून राहतो आणि नेमका सरांच्या हातून शून्य दाबला जातो.

मग पोट्टे तपासणी लावतात की टाईप केलेलं '123456789' या स्ट्रिंगमध्ये आहे का. हे दिसायला छान आहे, पण नुसतं एंटर दाबलं तर रिकामी स्ट्रिंग येते आणि पायथनच्या मते रिकामी स्ट्रिंग प्रत्येक स्ट्रिंगमध्ये असतेच. '12' सुद्धा त्यात आहे, '456' सुद्धा. म्हणजे तपासणी पास, आणि पुढे इंटवर नाहीतर लिस्टवर आदळतं. तेव्हा आधी लांबी एकच आहे का बघा, मग स्ट्रिंगमध्ये आहे का ते, आणि मग तो खाना रिकामा आहे का:

पट[न - 1] == '.'

ननटाईपवाली एरर याच भागातली. चुकीचा आकडा आला की फंक्शन स्वतःलाच परत बोलावतं, दुसऱ्यांदा बरोबर आकडा मिळतो, पण बोलावताना पुढे रिटर्न लिहायचं राहून गेलेलं असतं, मग तो बरोबर आकडा आतल्याच फंक्शनला मिळतो आणि बाहेरच्याच्या हाती नन, म्हणजे काहीच नाही. रिटर्न लिहिलं की चालेल, पण माझं ऐकाल तर इथे फंक्शननं स्वतःला बोलवूच नये, साधा व्हाईल लूप लावा, बरोबर उत्तर येईपर्यंत विचारत राहा. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं.

चौथं, तीन फुल्यांचं मूळ

आता मुख्य गोष्ट. तुमच्या कोडमध्ये वरती कुठेतरी ही ओळ आहे का बघा:

पट = [['.'] * 3] * 3

असेल तर सापडलं. ही ओळ वाचताना वाटतं की तीन टिंबांची एक ओळ केली आणि तिच्या तीन प्रती काढल्या. तसं होत नाही. टिंबांची ओळ एकच तयार होते आणि पट तिच्याकडेच तीनदा बोट दाखवतो. आपल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचं कसं, पुढच्या रस्त्याला एक दार, बाजूच्या गल्लीत एक, मागच्या बोळात एक, पण कुठूनही आत शिरा, अंगण एकच. पुढच्या दारानं जाऊन अंगणात खाट टाकली की मागच्या दारातूनही तीच खाट दिसणार. तुम्ही पहिल्या ओळीत फुली टाकता ती त्या एकुलत्या एक अंगणात पडते, आणि पट छापताना तिन्ही दारांतून तीच दिसते.

खात्री करायला दोनच ओळी लागतात. नवीन पट करा आणि लगेच लिहा:

पट[0][0] = '*'

आणि पट प्रिंट करा. हे आलं तर ओळ एकच आहे:

[['*', '.', '.'], ['*', '.', '.'], ['*', '.', '.']]

ओळी वेगवेगळ्या असतील तर चांदणी फक्त पहिल्या ओळीत दिसेल.

"पण ताई, आतमध्ये पण तर गुणिले तीनच आहे, ते काऊन चालते?" हा प्रश्न नेहमी येतो आणि चांगला प्रश्न आहे. आतल्या गुणाकारातही तिन्ही टिंबं एकच आहेत. पण टिंब ही स्ट्रिंग आहे, तिच्यात आतून काही बदलता येत नाही, तुम्ही फक्त त्या जागी दुसरी स्ट्रिंग ठेवता, त्यामुळे बाकीच्या दोन जागांना धक्का लागत नाही. लिस्ट मात्र आतून बदलते, म्हणून तिच्या बाबतीत अडतं. हा फरक डोक्यात बसला की पुढचे तीन आजार समजावूनही सांगावे लागत नाहीत.

दुरुस्ती साधी. तीन ओळी तीनदा लिहा:

पट = [['.'] * 3, ['.'] * 3, ['.'] * 3]

मोठा पट असेल, म्हणजे सहा ओळी सात रकान्यांचा चार जोडायचा खेळ असेल, तर फॉर लूप कंसाच्या आत लिहून दरवेळी नवीन ओळ करून घ्या. पण फुली-गोळ्यासाठी मी सगळ्यांना एकच सांगते, ओळी-रकाने काढूच नका. नऊ खान्यांची एक सरळ लिस्ट घ्या:

पट = ['.'] * 9

यात आत लिस्ट नाहीच, त्यामुळे तीन फुल्यांचा प्रश्न येतच नाही, भागाकार-बाकीचा हिशोब जातो, रिकामे खाने शोधायला एका आत एक लूप लागत नाही. पोरांना वाटतं की पट चौकोनी दिसतो तर कोडमध्येही चौकोनीच पाहिजे. नाही पाहिजे, छापताना तीन-तीनचे तुकडे केले की झालं. कोड छोटा पाहिजे म्हणतात ना सगळे, तर छोटा असा करायचा. दोन गुणाकार एका ओळीत कोंबून ओळ छोटी होते, पण वाचणाऱ्याला आत काय झालं ते दिसत नाही, आणि हा बिघाड त्या हौसेतूनच येतो.

पाचवं, कोण जिंकलं

जिंकायच्या रेघा आठच आहेत, तीन आडव्या, तीन उभ्या, दोन तिरप्या. त्या आठ इफमध्ये पसरू नका, एकदाच लिहून ठेवा:

ओळी = [(0, 1, 2), (3, 4, 5), (6, 7, 8), (0, 3, 6), (1, 4, 7), (2, 5, 8), (0, 4, 8), (2, 4, 6)]

आणि एका लूपमध्ये तपासा. मी चाळीस-चाळीस ओळींची जिंकण्याची तपासणी पाहिली आहे, आणि त्यात कुठेतरी एका तिरप्या रेघेत ६ च्या जागी ७ पडलेला असतो, तो डोळ्याला सापडत नाही. आठ रेघा अशा एका ठिकाणी असल्या की शाळेतलं पोरगंही चूक काढेल.

एकही चाल न होता कोणी जिंकत असेल तर कारण हे, तीन रिकामे खानेही एकमेकांसारखेच असतात. तीन सारखे आहेत एवढं पुरत नाही, ते रिकामे नाहीत हेही पाहावं लागतं. पायथनमध्ये दोन्ही एकाच साखळीत लिहिता येतं:

पट[0] == पट[1] == पट[2] != '.'

नेहमी फुलीच जिंकत असेल तर बहुतेक असं लिहिलंय की खाना फुलीच्या बरोबर आहे ऑर (or) गोळा. मराठीत बोलताना ते बरोबर वाटतं, पण पायथन त्याचे दोन भाग करतो, एक "खाना फुलीच्या बरोबर आहे का" आणि दुसरा नुसता "गोळा", आणि रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग खरीच धरली जाते, म्हणून अख्खी अट कायम खरी. रेघ सापडली की त्या रेघेतली खूणच परत द्या, म्हणजे नाव वेगळं ठरवायची गरजच नाही.

आणि बरोबरीची तपासणी जिंकण्याच्या तपासणीनंतरच. पट भरला का हे आधी विचारलं तर नवव्या चालीत जिंकणाऱ्याला बरोबरी मिळते. तपासायला चालींचा हा क्रम टाका: १, २, ५, ३, ६, ४, ८, ७, ९. पहिल्या आठ चालींत कोणीच जिंकत नाही, नवव्या चालीला फुलीची १-५-९ ही तिरपी रेघ पूर्ण होते. तुमचा गेम "बरोबरी" म्हणाला तर दोन तपासण्यांची अदलाबदल करा.

सहावं, जुना डाव आणि परत घेतलेली चाल

इथे परत तोच वाडा, दारं वेगळी. चाल परत घेण्यासाठी पोट्टे आधीचा पट ठेवून घेतात:

जुना = पट

यानं काहीच ठेवलं जात नाही, एकाच पटाला दुसरं नाव मिळालं फक्त. पट बदलला की जुनाही बदलला. खरी प्रत अशी:

जुना = पट[:]

नऊ खान्यांच्या सरळ लिस्टला हे पुरतं. लिस्टच्या आत लिस्ट असेल तर पुरत नाही, बाहेरची लिस्ट नवीन होते पण आतल्या ओळी त्याच जुन्या राहतात, तिथे कॉपी मोड्यूलचं डीपकॉपी लागतं. सरळ लिस्ट घ्या असं मी का म्हणते त्याचं हे अजून एक कारण.

दुसऱ्या डावात पहिल्याच्या खुणा दिसतात तेव्हा फंक्शनच्या कंसात बघा, पटाची डिफॉल्ट किंमत तिथेच दिलेली असते, नऊ टिंबांची लिस्ट. ती लिस्ट फंक्शन वाचलं जातं तेव्हा एकदाच तयार होते, प्रत्येक वेळी बोलावताना नवीन होत नाही. दुसरा डाव त्याच वापरलेल्या पटावर सुरू होतो. तिथून काढून टाका, फंक्शनच्या आत पहिल्या ओळीत पट तयार करा.

सातवं, कॉम्प्युटर प्लेअर

यात हात घालायच्या आधी वरचं सगळं झालेलं पाहिजे, नाहीतर चूक कुठली ते कधीच कळणार नाही.

कॉम्प्युटर विचार करतो म्हणजे काय तर एखादी खूण टाकून बघतो, मग समोरच्याची टाकून बघतो, असं शेवटपर्यंत जातो. हे तो तुमच्याच पटावर करतो. टाकून पाहिलेली खूण परत उचलली नाही तर त्याचा विचारच पटावर राहतो, आणि तुम्हाला वाटतं त्यानं एका दमात सगळे खाने भरले. बऱ्याच जणांनी उचलायची ओळ लिहिलेली असते, पण तिच्या आधीच रिटर्न असतो, चांगली चाल सापडली की फंक्शन तिथूनच बाहेर पडतं आणि ती ओळ चालतच नाही. म्हणून खूण टाकणं, पुढचं विचारणं, खूण उचलणं, या तिन्ही ओळी एकाखाली एक लागून लिहा, मध्ये काहीच नको, आणि निर्णय त्यानंतर.

डोनाल्ड मिची या ब्रिटिश संशोधकानं १९६१ मध्ये कॉम्प्युटरशिवाय, नुसत्या काडेपेट्यांनी फुली-गोळा खेळणारं यंत्र केलं होतं, ३०४ काडेपेट्या, प्रत्येक पटासाठी वेगळी पेटी आणि आत रंगीत मणी. मी पोरांना हे मुद्दाम सांगते, कारण तिथे एका पटाची खूण दुसऱ्या पटावर जाऊच शकत नव्हती, पेट्याच वेगळ्या. आपल्याकडे पेटी एकच आहे म्हणून खूण उचलावी लागते.

कॉम्प्युटरनं पहिली चाल करायला काही सेकंद घेतले तर तो बिघाड नाही. रिकाम्या पटापासून शेवटपर्यंत सगळं बघायचं तर ५,४९,९४६ वेळा पट बघावा लागतो, पायथनला तेवढा वेळ लागतोच. दुसऱ्या चालीपासून पटकन होईल. व्हायवात हे सांगता आलं तर सर खूश होतात.

आठवं, मोजून बघा

हे सगळ्यात शेवटी कारण यात थोडं लिहावं लागतं, आठ-दहा ओळी, पण याच्याइतका भरवशाचा तपास दुसरा नाही. एक फंक्शन लिहा जे काही छापत नाही, काही विचारत नाही, नुसतं मोजतं. कोणी जिंकलं असेल तर १ परत द्या, पट भरला असेल तर १ परत द्या, नाहीतर प्रत्येक रिकाम्या खान्यात खूण टाका, स्वतःलाच बोलवा, आलेला आकडा बेरजेत घ्या, खूण उचला. जिंकण्याची तपासणी तुमच्या गेमचीच वापरा, नवीन लिहू नका, तिचीच तर परीक्षा आहे.

रिकाम्या पटापासून उत्तर आलं पाहिजे २,५५,१६८. एवढेच वेगवेगळे डाव होऊ शकतात. कोण जिंकलं तेही वेगळं मोजा: फुली जिंकते १,३१,१८४ डावांत, गोळा ७७,९०४ मध्ये, बरोबरी ४६,०८० मध्ये.

चुकीचा आकडा आला तरी तोच सांगतो चूक कुठे आहे, म्हणून मला हा तपास इतका आवडतो. उत्तर १ आलं तर रिकामे खाने जिंकतायत. ३,६२,८८० आलं तर जिंकल्यावर डाव थांबतच नाहीये, नऊच्या नऊ खाने भरले जातायत, ते नऊ फॅक्टोरियल आहे. बेरीज बरोबर पण बरोबरी १,२७,८७२ आली तर पट भरल्याची तपासणी आधी लागलीय, नवव्या चालीत जिंकलेले ८१,७९२ डाव बरोबरीत गेले. गोळा शून्य वेळा जिंकला तर ती ऑरवाली अट बघा. आणि अगदीच लहानसा आकडा आला तर खूण उचलायची राहिली.

२,५५,१६८ आणि त्यातले तिन्ही आकडे बरोबर आले की नियम बरोबर आहेत असं धरा, त्यानंतर जी काही गडबड दिसेल ती आधी टाईप करण्याच्या नाहीतर छापण्याच्या भागात शोधा, दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीकडे परत जा.

कुठे थांबायचं

मागच्या मे महिन्यात एक पोरगी आली होती, पारा ४५ च्या वर, कूलरसमोर बसूनही घाम येत होता, आणि ती म्हणे कॉम्प्युटरची पाळी आली की गेम बंद पडते. मी कोड पाहिला, कोडमध्ये काहीच नव्हतं, गेमसकट अख्खा लॅपटॉपच बंद पडत होता, तापून. असं असेल तर कोड उघडूच नका. फाईल आधी पेनड्राईव्हवर घ्या, स्वतःला मेलही करून ठेवा, आणि लॅपटॉप सीताबर्डीच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडे न्या, पंखा आणि आतली धूळ त्यालाच काढू द्या. हार्डडिस्क कटकट आवाज करत असेल किंवा फाईली आपोआप गायब होत असतील तर त्या मशीनवर पुढे काही सेव्हच करू नका, लगेच बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे जा.

लॅबच्या मशीनवर पायथनच सुरू होत नसेल, परवानगी नाही असं म्हणत असेल, तर ते काम लॅब असिस्टंटचं. तिथे स्वतः अनइन्स्टॉल-इन्स्टॉल केलं तर तुमच्याबरोबर पूर्ण बॅचचं काम अडतं.

दोन जण दोन मोबाईलवरून एकच डाव खेळतायत असं करायला घेतलं असेल आणि पट कधी कधीच बिघडत असेल, दरवेळी नाही, तर इथलं काही लागू पडणार नाही. ते एकाच वेळी दोघांनी लिहिण्याचं प्रकरण आहे, ज्यानं सर्व्हरवर काम केलंय अशा माणसाकडेच जा. आणि त्यात पैसे किंवा लोकांचे फोन नंबर येत असतील तर शिकण्यासाठी तो प्रोजेक्ट वापरूच नका, पैसे देऊन जाणकार डेव्हलपर लावा.

बाकी साध्या गेममध्ये आठही तपासण्या करून दोन संध्याकाळी गेल्या तर तिसरी घालवू नका, कोणाला तरी दाखवा. दाखवताना स्क्रीनचा फोटो नको, त्यातून काही कळत नाही. तीन गोष्टी न्या: पूर्ण फाईल, ज्या चालींनी बिघाड होतो त्यांचा क्रम आकड्यांत लिहिलेला, आणि मोजणीचं जे उत्तर आलं ते. एवढं असलं की पाहणाऱ्याला दहा मिनिटं पुरतात.